वाळूवरचा फरासखाना

जैसलमेरहून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर गेलं की सम नावाचं गाव लागतं. वाळूच्या टेकड्या सुरू होण्याआधी रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिवाळाभर तंबूंच्या रांगा उभ्या असतात. स्वस्तातला तंबू घेतला तर पलंग, जाड रजई आणि मागच्या पडद्याआड नळाचं बाथरूम मिळतं. पैसे जास्त मोजले की चार दांड्यांचा पलंग येतो, गालिचा येतो, छताला आतून छापील बुट्ट्यांचं अस्तर येतं, पितळी कड्यांची पेटी येते, कंदिलाच्या सोंगातला विजेचा दिवा येतो, पुढे खुर्च्या टाकलेला व्हरांडा येतो आणि लाकडी जाळीमागे लपवलेला एसीही येतो. पुण्या-मुंबईहून दिवाळीनंतर सुटणाऱ्या राजस्थान सहलींत एक रात्र यासाठी राखलेली असते. माहितीपत्रकात तिला वाळवंटी जीवनाचा अनुभव वगैरे म्हटलेलं असतं.

या तंबूतली एकेक वस्तू उचलून तिची वंशावळ विचारत गेलं, तर बादशहाची छावणी लागते, पेशव्यांचा कारखाना लागतो, जबलपूरचे ठग लागतात, कलेक्टरचा दौरा लागतो, केनियातली शिकार लागते. वाळवंट सगळ्यात शेवटी लागतं.

कारण थारचा माणूस मुळात तंबूत राहणारा नाही. अरबस्तानातल्या बदूंचा काळ्या बकरीच्या केसांचा तंबू असतो, सहारातल्या तुआरेगांचा कातड्याचा असतो. थारमध्ये घर म्हणजे झोंपा: गोल, मातीनं लिंपलेली भिंत आणि वर खींप, सिणिया अशा झुडपांनी शाकारलेलं शंकूसारखं छप्पर. अशा चारसहा झोंप्यांची ढाणी होते आणि ढाणी पाण्याला धरून असते. विहीर किंवा पावसाचं पाणी साठवायचा टांका सोडून माणूस लांब जाईल कुठे? उंटांचे कळप घेऊन फिरणारा रायका रात्री खेजडीखाली उघड्यावर पडतो. गाडिया लोहार आपल्या बैलगाडीच्या आसऱ्यानं राहतात. कनाती, शामियाने, गालिचे हे इथे आले ते बाहेरून, आणि ज्यांच्याकडे ते वाहून आणायला माणसं होती त्यांच्याबरोबर.

ज्यांच्याकडे तशी माणसं उरली नव्हती त्यांचं या वाळूत काय होतं, याचा दाखला हुमायूननं देऊन ठेवला आहे. शेरशहाकडून हरलेला हा बादशहा १५४२ मध्ये मारवाडच्या मालदेवाच्या भरवशावर थारमध्ये शिरला. तिथे दगाफटका होणार असं दिसल्यावर तो जैसलमेरच्या मुलखातून उलटा अमरकोटकडे निघाला. वाटेतल्या विहिरी जैसलमेरच्या रावळानं बुजवून टाकल्या होत्या. हुमायूनचा हातपाय धुवायचं पाणी सांभाळणारा जौहर नावाचा सेवक होता, त्यानं म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात या प्रवासातली तहान आहे, पाण्यासाठी झालेली झोंबाझोंबी आहे, मेलेली माणसं आहेत. त्या लोंढ्यात हुमायूनची बेगम हमीदाबानू गरोदर होती. १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अमरकोटला तिला मुलगा झाला, तो अकबर.

आणि याच अकबराच्या तंबूंचा हिशेब अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त मांडला आहे. एका मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. तंबू ठोकणारे फरास १०००, ते इराण, तुराण आणि हिंदुस्तानातले. शिवाय रस्ता करणारे ५००, भिस्ती १००, सुतार ५०, आणि झाडूवाले १५०. तंबूंच्या जाती वेगळ्याच. बारगाह एवढी थोरली की तिच्यात दहा हजारांहून जास्त माणसं मावत, आणि ती उभी करायला हजार फरासांना यंत्रांच्या मदतीनंही आठवडा लागे. चोबीन रावटीला बाहेरून लाल कापड आणि आतून किनखाब, मखमल. दोआशियाना मंजिल तर दुमजली, अठरा खांबांवर तोललेली. वरच्या मजल्यावरून बादशहा दर्शन देई. छावणीत रात्री वाट चुकू नये म्हणून चाळीस गजांहून उंच काठीवर आकाशदिवा टांगत.

या सगळ्यातली खरी चैन मात्र मखमलीत नव्हती. बादशहाकडे प्रत्येक गोष्टीचे दोन संच असत. एका संचात तो झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना झालेला असे. याला पेशखाना म्हणत. १६६४च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला निघाला तेव्हा फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए बरोबर होता, आणि त्यानं ही व्यवस्था बारकाईनं लिहून ठेवली आहे. बादशहाचे तंबू बाहेरून लाल, आतून मछलीपट्टणच्या छिटाच्या अस्तराचे. दिवसभराची मजल मारून पोचावं तर तेच अंथरूण, तीच बैठक, तीच भिंत. जणू आपण हललोच नाही. घाम दुसऱ्यांनी आदल्या रात्री गाळलेला असे. आजच्या कॅम्पवाल्याकडून गिऱ्हाईक जे विकत घेतं ते नेमकं हेच, आणि छापील अस्तर तर तेव्हापासून छतावरून खाली उतरलेलंच नाही.

ते तंबू कसे दिसत हे पाहायचं असेल तर जोधपूरच्या मेहरानगडावर सतराव्या शतकातला एक लाल मखमली मुघल डेरा जपून ठेवलेला आहे. दुसरा नमुना वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे. तो टिपू सुलतानाचा, छापील-रंगीत सुती कापडाचा, फुलझाडांनी भरलेला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह, म्हणजे प्लासीच्या क्लाइव्हचा मुलगा, याच्याकडे तो गेला आणि पुढे क्लाइव्ह घराण्याच्या बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून वापरला गेला. लढाईचा तंबू चहापाण्याचा झाला, तो असा.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांच्या यादीत उंटांचा उष्टरखाना आहे आणि तंबू, कनाती, बिछायती, जाजमं सांभाळणारा फरासखानाही आहे. पेशव्यांचा फरासखाना गेला, पण पुण्यात त्या नावाचं पोलीस ठाणं अजून आहे. तक्रार नोंदवायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना तंबू आठवत असतील कोण जाणे. मात्र तंबूशी मराठ्यांचं नातं दोन टोकांचं राहिलं. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये मरेपर्यंत बहुतेक छावणीतच राहिला. १६९५ मध्ये गलगल्याला त्याला भेटलेल्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशानं छावणीचा घेर तीस मैल लिहिला आहे. हे चालतं शहर म्हणजे त्याचा दिमाख होता आणि त्याचं दुखणंही. बखरी सांगतात की संभाजी महाराजांच्या वधानंतर संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी त्याच्या छावणीत घुसून बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस काढून नेले. तणावा कापला की वैभव जमिनीवर येतं, हे ज्यांना कळत होतं त्यांनी स्वतः सामान थोडंच ठेवलं. पहिल्या बाजीरावानं १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडलं ते याच हलकेपणाच्या जोरावर. पुढे पानिपतावर आपण बायकामुलं, यात्रेकरू, बुणगे घेऊन गेलो. पराभवाची कारणं इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत. मला स्वतःला त्या यादीत हे ओझं बरंच वर ठेवावंसं वाटतं.

दौलतराव शिंद्यांची छावणी राजपुतान्यात फिरत होती तेव्हा तिच्यासोबत इंग्रज रेसिडेंटच्या रखवालदार तुकडीचा अधिकारी म्हणून टॉमस ब्रॉटन होता. त्यानं १८०९ सालभर लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक १८१३ मध्ये निघालं. त्यात दरबार आहे, बाजार आहे, होळी आहे आणि थकलेल्या पगारासाठी धरणं धरणारे शिपाईही आहेत. त्या पत्रांच्या दुसऱ्याच वर्षी ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि पुन्हा उठली नाही. तंबूंच्या जागी वाडे आले. त्या वस्तीला आजही लष्करच म्हणतात.

इंग्रजांनी मुघलांचं पुष्कळ काही मोडलं, पण तंबू तेवढा जसाच्या तसा उचलला. १८३७ मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंड वायव्य प्रांतांच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा बारा हजार माणसांचा तांडा बरोबर होता. त्याची बहीण एमिली ईडन हिला तंबूचा मनापासून कंटाळा होता, आणि तिची पत्रं वाचनीय आहेत ती या कंटाळ्यामुळेच. तंबूत झोपायला मिळणं ही चैन आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

एवढे तंबू शिवायचे कोणी? त्याच सुमाराला जबलपूरला माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या खटाटोपाचा हा उत्तरार्ध. तिथे गालिचे विणले जात आणि तंबू शिवले जात. वाटसरूंशी गोडीगुलाबी करून त्यांचा गळा आवळणारे हात साहेबांच्या मुक्कामाची कापडं शिवू लागले. कादंबरीकारानं हे रचलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवलं असतं. पुढे कानपूरच्या गिरण्यांनी हा धंदा मोठा केला.

समचा आजचा तंबू बेतला गेला तो या काळात. थंडी सुरू झाली की कलेक्टर आपला जिल्हा फिरायला निघे. गावाबाहेरच्या आमराईत मुक्काम, सकाळी जमाबंदीची तपासणी, दुपारी तक्रारी, संध्याकाळी बंदूक घेऊन तित्तर-लावे. इथेही तंबूंचे दोन संच, एक राहता आणि एक पुढे गेलेला. या दौऱ्यासाठी पक्का झालेला नमुना म्हणजे स्विस कॉटेज तंबू. त्याला छतं दोन, एकावर एक, मध्ये हवा खेळायला जागा. वरचं कापड तापतं, खालचं तितकं तापत नाही. पुढे व्हरांडा, कारण रयतेला भेटायला अर्धवट बाहेरची जागा लागते. न्हाणी मागे, कारण भिस्ती आणि मेहतर यांनी साहेबाच्या नजरेला न पडता मागच्या वाटेनं यायचं आणि जायचं. आज भिस्ती नाही, गिझर आहे, तरी बाथरूम मागेच आहे आणि व्हरांड्यातल्या खुर्च्या पुढेच आहेत, रयत नसली तरी. १८८८ मध्ये फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी हिंदुस्थानातल्या मेमसाहेबांसाठी घर चालवण्याचं जे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात छावणीचा संसार उंटांवर नि गाड्यांवर कसा लादावा हेही शिकवलं आहे. स्विस कॉटेजमधलं कॉटेज पुढे गळालं आणि आपल्याकडे उरला नुसता ‘स्विस टेंट’. त्याचा स्वित्झर्लंडशी जेवढा संबंध, तेवढाच जैसलमेरशी.

दिल्लीच्या दरबारांवर फार रेंगाळायला नको. १८७७, १९०३ आणि १९११ असे तीन झाले, प्रत्येक वेळी दिल्लीबाहेर तंबूंचं शहर उठलं. १९११चं सुमारे पंचवीस चौरस मैलांवर पसरलं होतं, आत फिरायला छोटी रेल्वे होती. बडोद्याचे सयाजीराव याच दरबारात पंचम जॉर्जला एकदाच लवून पाठ फिरवून चालते झाले आणि गहजब उडाला. इथे राजेमहाराजांनी एकमेकांचे तंबू पाहिले आणि घरी जाऊन त्याहून भारी बनवून घेतले, एवढं आपल्या कामाचं. बिकानेरचे गंगासिंह गजनेरच्या तळ्यावर व्हाइसरॉयांना भट तित्तरांच्या शिकारीला बोलावत. राजकारण, शिकार आणि मेजवानी वाळवंटाच्या काठावर एकत्र नांदली ती अशा पाहुणचारांतून.

ही शिकारी छावणी आणि आजचा कॅम्प यांच्यामधला दुवा आफ्रिकेतला आहे. मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधली, आणि तिच्या मागोमाग युरोप-अमेरिकेतले श्रीमंत शिकारी आले. १९०९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून नुकताच उतरलेला थिओडोर रूझवेल्ट आला. दोनअडीचशे हमाल, तंबूवर भलामोठा अमेरिकन झेंडा, आणि डुकराच्या कातड्यात बांधलेल्या पुस्तकांची पेटी. हमालांच्या डोक्यावरून जाणाऱ्या या संसारात हिंदुस्थानी छावणीची छाप जागोजाग दिसते. रुरकीच्या लष्करी इंजिनियरांकडे जन्मलेली घडीची खुर्ची घ्या. एक खिळा नाही, चार लाकडी पाय, आडव्या दांड्या आणि कापड. सुटी करून गुंडाळली की काखेत मावते. ती आफ्रिकेच्या शिकारी मुक्कामांत पोचली, तिथल्या एका छायाचित्रात डेन्मार्कच्या कारे क्लिंटला दिसली, आणि १९३३ मध्ये त्यानं तिच्यावरून ‘सफारी चेअर’ बेतली. आज जैसलमेरच्या महागड्या कॅम्पात व्हरांड्यात तीच खुर्ची आफ्रिकी थाट म्हणून मांडतात. रुरकीहून जैसलमेरला यायला तिनं केवढा वळसा घातला!

मग बंदूक गेली. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, केनियात १९७७च्या बंदीनं. शिकाऱ्यासाठी उभारलेला सगळा जामानिमा, म्हणजे तंबू, स्वयंपाकी, शेकोटी, पहाटेचा चहा, वाट दाखवणारा माणूस, आहे तसा राहिला आणि कॅमेरेवाल्याच्या हवाली झाला.

जैसलमेर तोवर या गोष्टीत नव्हतंच. ११५६ मध्ये वसलेलं हे गाव उंटांच्या तांड्यांवर जगलं. सिंधकडे जाणाऱ्या मालाच्या जकातीवर आणि सावकारीवर पटवांसारख्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. माल मुंबई बंदराकडे वळला तशी ही भरभराट उतरणीला लागलीच होती. १९४७ मध्ये पश्चिमेचा रस्ताच बंद झाला. पुढची तीस वर्षं जैसलमेर म्हणजे सरहद्द: १९६५चं युद्ध, १९७१ची लोंगेवालाची लढाई, १९७४ मध्ये जिल्ह्यातल्या पोखरणजवळचा अणुस्फोट. त्याच १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ आला आणि बंगाली कुटुंबं सोन्याचा किल्ला शोधत इथे येऊ लागली. आजही सुटीच्या दिवसांत किल्ल्यात बंगाली ऐकू येते. १९७९ पासून वाळवंट महोत्सव सुरू झाला. परदेशी तरुण आले ते स्वस्तात उंटावरून दोनतीन दिवस भटकायला. रात्री वाळूवर गोधडी टाकून झोपत, बाजरीची भाकरी खात. त्यांना कोणी लक्झरी विकत नव्हतं, आणि माझ्या मते थारच्या माणसासारखी रात्र काढली असेल तर या मंडळींनीच.

महागडा तंबू आला तो नंतर, आणि तोही आधी जंगलात. २००३ मध्ये रणथंभोरला अमान या हॉटेल कंपनीचा दहा तंबूंचा कॅम्प उघडला तो उघडपणे मुघल डेऱ्यांचा आदर्श सांगत. हीच भाषा हळूहळू वाळवंटात उतरली. कच्छमध्ये धोरडोला २००५च्या सुमारास रणोत्सव सुरू झाला आणि सरकारी पाठबळावर शेकडो तंबूंचं शहर दरवर्षी मिठाच्या रणाकाठी उभं राहू लागलं. समला एका ओळीच्या चार ओळी झाल्या.

फरासांचं काय झालं? ते आसपासच्या ढाण्यांतून आणि गावांतून येतात. पावसाळा सरला की जमीन सपाट करायची, मेखा ठोकायच्या, दोन्ही छतं ताणायची. उन्हाळा भडकला की सगळं उतरवायचं. वादळी वारा आला तर मध्यरात्री तणावे आवळायला धावतात ते हेच. संध्याकाळी मांगणियार गातात. त्यांचे पिढीजात यजमान असत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न निघालं की यांनी गायचं, वंशावळ म्हणायची, आणि मोबदल्यात धान्य, उंट, बकरी घ्यायची. आता यजमान रोज संध्याकाळी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघून जातो. मुंबई, कोलकाता, सुरत, जो असेल त्याच्या फर्माइशीची चाल वाजते. कलाकारांना पैसा मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण त्यांच्याकडे शेकड्यानं गाणी असताना पाहुणे तीनचारच ऐकून झोपायला जातात, हे वाईट वाटण्याजोगं आहे. ज्या उंटावर सगळे फोटो निघतात त्याची संख्या देशात २०१२ मध्ये चार लाख होती, २०१९च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आली. आणि शेजारी ३१६२ चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान आहे, जिथे गोडावण म्हणजे आपला माळढोक कसाबसा तग धरून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळपास नाहीसा झाल्यावर त्याची मुख्य आशा हीच. त्याला अंधार आणि शांतता लागते; समला रात्री अकरापर्यंत डीजे असतो.

अलीकडे आणखी एक गंमत सुरू आहे. तंबू दरवर्षी उतरवायचा, वाऱ्यात सांभाळायचा, कापड बदलायचं हा खर्च मालकांना परवडेना. म्हणून आधी खाली सिमेंटचा कट्टा आला, मग बाथरूमच्या विटांच्या भिंती आल्या, मग बाकीच्याही. कापड उरलं ते छतापुरतं. आणि खुरी गावाकडे, समकडेही, ज्यांना तंबू पाहून पाहून कंटाळा आलेला आहे अशा पाहुण्यांसाठी गोल मातीच्या खोल्या बांधल्या जात आहेत. गवतानं शाकारलेल्या, बाहेरून पांढऱ्या मांडणा-नक्षीनं नटवलेल्या, आत एसी. कितीतरी ठिकाणी त्यांचा दर तंबूपेक्षा जास्त असतो. त्या शाकारायला कारागीर बाहेरून आणावे लागत नाहीत, जवळच्या ढाण्यांतून मिळतात. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःसाठी मात्र आता दगडी पट्ट्यांच्या छताचं पक्कं घर बांधलेलं आहे.